बिनपत्त्याची डबी

२०२२च्या सुमारास अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना, आईला आणि दोन मुलींना, एकामागोमाग एक किडनीचा विकार झाला. किडनीचे काही आजार घराण्यात चालत येतात, हे खरे. पण तिघींच्या किडन्या एकाच सुमारास बिघडाव्यात, याला तेवढे उत्तर पुरेसे नव्हते. शोध घेता घेता डॉक्टर पोचले ते गोरेपणाच्या एका क्रीमपाशी. घरातल्या एकीने ते ओळखीच्या ब्युटिशियनकडून आणले होते. तिचा चेहरा उजळला, म्हणून बाकीच्या दोघींनीही लावायला सुरुवात केली. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेले, क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा सापडला.

या घटनेच्या बातम्या आल्या, चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मला मात्र त्यातली एक गोष्ट अजून अस्वस्थ करते. ते क्रीम विषारी आहे हे कळले कसे? कुठल्या निरीक्षकाने दुकानातून नमुना उचलला नव्हता, कुठल्या प्रयोगशाळेने आधी इशारा दिला नव्हता. तिघींच्या किडन्यांनी ती तपासणी केली. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आहे, नियम आहेत, पाऱ्याची मर्यादासुद्धा ठरलेली आहे. तरीही बाजारात काय विकले जाते याची पहिली खबर रुग्णालयातून येते. उलट्या बाजूने चालणाऱ्या या व्यवस्थेविषयी हा लेख आहे.

पारा चेहऱ्यावर नेमके काय करतो, ते आधी पाहू. त्वचेचा सावळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार व्हायला टायरोसिनेज नावाचे विकर लागते आणि त्या विकराच्या गाभ्यात तांबे असते. पारा तांब्याची जागा घेतो, विकर बंद पडते, रंगद्रव्य कमी तयार होते. म्हणून पाऱ्याचे क्रीम खरोखर ‘काम करते’. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात आणि डबी एका घरातून दुसऱ्या घरात जाते. फसव्या क्रीमपेक्षा हे क्रीम जास्त घातक आहे ते यामुळेच. त्याची जाहिरात वापरणाऱ्या बाईचा चेहराच करतो. बंद केले की रंग पूर्वीइतका, कधी पूर्वीपेक्षाही गडद होतो. मग ती पुन्हा तेच क्रीम आणायला जाते.

पण पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातली घाण बाहेर जाऊ द्यायची आणि प्रथिने आत राखायची, हे त्यांचे काम. पाऱ्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती चवताळते आणि या गाळण्यांच्या पडद्यावरच थर चढवू लागते. पडदा जाड होतो, पण गळू लागतो. प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, संध्याकाळी पायांवर बोट दाबले की खळगा पडतो. रक्तात गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. या विकाराला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी म्हणतात.

हे सगळे नव्याने कळले असते तर यंत्रणेला थोडी सवलत देता आली असती. पण १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नैरोबीच्या डॉक्टरांचा एक निबंध छापून आला होता. तिथल्या रुग्णालयात नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणजे असाच प्रथिने गळण्याचा विकार झालेल्या ६० प्रौढ रुग्णांची त्यांनी चौकशी केली. त्यांतले निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, त्वचा उजळवणारी पारायुक्त क्रीमे वापरत होते. अमेरिकेने १९७३ साली अशा क्रीमांवर बंधन घातले, युरोपने १९७६ साली. म्हणजे नैरोबीने सांगितले आणि पन्नास वर्षांनी अकोल्यात तेच घडले.

केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जे केले, ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पोचायला हवे. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण आले. गेल्या काही वर्षांत या विकाराचे पोटप्रकार ओळखण्याची सोय झाली आहे. त्यांतला ‘नेल-१’ हा प्रकार तसा क्वचित आढळणारा. इथे मात्र २२पैकी १५ रुग्ण त्याच प्रकारचे निघाले. डॉक्टरांनी त्यांना साधा प्रश्न विचारला, चेहऱ्याला काय लावता? १५पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम लावत असल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा विकार ओसरू लागला. त्याआधी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हाच नेल-१ प्रकार आणि पारा असलेली काही पारंपरिक औषधे यांचा संबंध दाखवून दिला होता. कोट्टक्कलचा निबंध ‘किडनी इंटरनॅशनल’ या मान्यवर नियतकालिकात आला. निबंधाइतकाच मोलाचा मला तो प्रश्न वाटतो. आपल्याकडे सूज घेऊन आलेल्या बाईला मधुमेह विचारतात, रक्तदाब विचारतात, दुखण्याच्या गोळ्यांविषयी विचारतात. चेहऱ्याविषयी कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी ती सासूसमोर, नवऱ्यासमोर सांगत नाही.

आता प्रमाणाकडे येऊ. आपले ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ सांगतात की डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांत टिकाऊपणासाठी घातलेला पारा दशलक्ष भागांत ७० भागांपर्यंत चालेल. इतर कुठल्याही प्रसाधनात तो मुद्दाम घालायचा नाही, आणि नकळत आलाच तर दशलक्षात एक भाग, याहून जास्त नको. कागदावर ही मर्यादा चांगली आहे. ३० ग्रॅमच्या डबीत एक भाग म्हणजे एका ग्रॅमचे लाखात तीन हिस्से, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. आता दुसरे टोक पाहा. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ पासून ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावाची मोहीम चालवली. तीत २०२५च्या सुरुवातीला काही प्रसाधनांत मर्यादेच्या बारा हजार पट पारा आढळल्याचे तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. बारा हजार पट म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत एका ग्रॅमचा तिसरा हिस्सा. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असे, आणि तो फुटला की आई आपल्याला खोलीबाहेर काढायची. जगभरच्या स्वयंसेवी संस्थांच्या एका गटाने २०१९ साली बारा देशांतली १५८ क्रीमे तपासली. त्यांतल्या ९६ क्रीमांत मर्यादेपेक्षा जास्त पारा होता, ४० भागांपासून थेट १ लाख ३० हजार भागांपर्यंत. हे वरचे टोक म्हणजे वजनाच्या तेरा टक्के. तेवढा पारा असलेल्या ३० ग्रॅमच्या डबीत चार ते आठ थर्मामीटरांचा ऐवज भरतो. तो बोटाने घेऊन गालावर चोळायचा, रात्रभर ठेवायचा, त्याच उशीवर लेकराला झोपवायचे. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातल्या पाच घरांची २०१०मध्ये तपासणी झाली, तेव्हा क्रीम न लावणाऱ्या माणसांच्या लघवीतही पारा वाढलेला होता. पाऱ्याची वाफ होते, तो टॉवेलला लागतो, हातांना लागतो.

या डब्यांपैकी काहींवर एक चमत्कारिक सूचना असते. क्रीम लावताना सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. पारा सोन्याशी लगेच मिसळतो, दागिना पांढरा पडतो, हे सराफ पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. दागिन्याची एवढी काळजी घेणारा उत्पादक डबीत काय भरले आहे ते पुरेपूर जाणून असतो. ही सूचना दिसली की ती डबी तिथेच ठेवावी.

पण बऱ्याच डब्यांवर काहीच नसते. आणि इथेच कायद्याची खरी अडचण सुरू होते. १९४०च्या औषध कायद्यात १९६२च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने आली. त्यानुसार देशात प्रसाधन बनवायचे तर राज्याचा परवाना लागतो, परदेशातून आणायचे तर दिल्लीत नोंदणी लागते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत छापावी लागते. आयात मालावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता असावा लागतो. हे सगळे बनवणाऱ्यासाठी आणि आणणाऱ्यासाठी. विकणाऱ्यासाठी मात्र औषधाच्या दुकानासारखा विक्री परवाना नाही. औषधाच्या दुकानाला परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो, फ्रिज लागतो, निरीक्षक येऊन वही पाहतो. गोरेपणाचे क्रीम पार्लरवाली विकते, बांगड्यांच्या दुकानात मिळते, जत्रेत मिळते, दुबईहून आलेल्या भावजयीच्या बॅगेतून येते, मोबाइलवर मागवता येते. त्यांतल्या कुणाचीही कुठे नोंद नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला या डबीपर्यंत पोचायला रस्ताच आखलेला नाही.

पत्ता असलेल्या मालाचे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१३ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा परवाना रद्द केला होता. २००७ सालच्या १५ बॅचच्या बेबी पावडरचे निर्जंतुकीकरण एथिलीन ऑक्साइडने केल्याचे कारण होते. पुढे सप्टेंबर २०२२मध्ये त्याच कारखान्याच्या बेबी पावडरचा परवाना पुन्हा रद्द झाला, या वेळी सामू ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाल्यामुळे. कंपनी उच्च न्यायालयात गेली. वादातले नमुने २०१८ सालचे होते. नमुना आणि कारवाई यांत एवढी वर्षे का गेली, असा प्रश्न खंडपीठाने उपस्थित केला आणि जानेवारी २०२३मध्ये शासनाचे आदेश रद्द केले. या निकालावर मते वेगळी असू शकतात. माझे म्हणणे एवढेच की इथे नमुना होता, फाइल होती, वकील होते, न्यायालयात प्रश्न विचारणारे कुणी होते. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने २०१४ साली ३२ गोरेपणाची क्रीमे तपासली, तेव्हा १४ क्रीमांत पारा सापडला, पण तो दशलक्षात दोन भागांच्या आतच. ही बाजारातली नावाजलेली क्रीमे होती आणि कंपन्यांना उत्तर द्यावे लागले. अकोल्याच्या डबीला उत्तर देणारा कुणी नव्हता. आपला कायदा ज्याचा पत्ता आहे त्याला गाठतो, उशिरा का होईना. हजारो पटींचा पारा मात्र ज्याचा पत्ता नाही त्याच्याकडे आहे.

केसांकडे वळले की चित्र थोडे वेगळे दिसते. इथे माल पत्त्याचा, इशारा छापलेला, आणि तरी दुखणे पार्लरमध्ये घडते.

कलपाचे कुठलेही खोके घ्या. कडेला, बारीक अक्षरांत, इंग्रजी आणि स्थानिक भाषांत एक सावधगिरीची सूचना असते. यातल्या घटकांमुळे काहींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करावी. पापण्या किंवा भुवया रंगवायला हे वापरू नये, अंधत्व येऊ शकते. पॅराफेनिलिनडायअमिन, ज्याला पीपीडी म्हणतात, ते असलेल्या कलपावर ही सूचना आपल्या नियमांनी बंधनकारक केली आहे. तिचा जन्म मात्र अमेरिकेतला, आणि त्यामागे दृष्टी गेलेल्या बायका आहेत. १९३३च्या सुमारास तिथे ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यात याच जातीचे रंगद्रव्य होते. तो लावल्यावर बायकांच्या पापण्या सडल्या, बुबुळांवर जखमा झाल्या, दृष्टी गेली, एक बाई दगावली. तेव्हाच्या १९०६च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने नव्हतीच, त्यामुळे सरकार हात चोळत बसले. अधिकाऱ्यांनी अशा मालाचे आणि त्याच्या बळींचे एक प्रदर्शन भरवले, वृत्तपत्रांनी त्याला ‘भयदालन’ म्हटले. १९३८ साली नवा कायदा आला आणि त्याखाली जप्त झालेला पहिला माल म्हणजे लॅश ल्यूर. पण त्याच कायद्यात केसांच्या कलप उत्पादकांनी स्वतःसाठी एक वाट ठेवून घेतली. डांबरापासून बनलेला कलप दाहक असला तरी, वर दिलेला इशारा छापला आणि चाचणीची कृती दिली की तो ‘भेसळयुक्त’ ठरवता येणार नाही. ती सूचना जवळजवळ शब्दशः आपल्या नियमांत आली.

म्हणजे ग्राहकाला सावध करणाऱ्या त्या ओळी उत्पादकाला सूट देण्यासाठीही लिहिल्या गेल्या होत्या. धोका कमी करण्याची जबाबदारी त्यांनी कारखान्याकडून उचलून बाईच्या कोपरावर नेऊन ठेवली. आपल्याकडच्या पत्रकात लिहिलेली कृती अशी आहे: कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची जागा साबणाने धुवावी, थोडा तयार कलप लावून वाळू द्यावा, चोवीस तास थांबावे, आणि हे दर वेळी कलप लावण्याआधी करावे. दर वेळी! रविवारी सकाळी सलूनमध्ये मिशीला आणि केसांना कलप लावायला बसलेल्या माणसाने शनिवारी सकाळी येऊन कानामागे ठिपका लावून घेतल्याचे कुणी पाहिले आहे का? पार्लरमध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी आलेल्या करवलीला कोण सांगेल की उद्या ये? पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की ती आयुष्यभर राहते. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी पापण्या सुजून डोळे बंद होतात, डोक्यातून पाणी वाहू लागते. लग्नसराईत ‘काळी मेंदी’ म्हणून हातांवर काढतात ती बऱ्याचदा मेंदी नसतेच. मेंदीचा रंग तांबूस येतो, आणि तासाभरात काळाकुट्ट रंग यावा म्हणून तिच्यात पीपीडी मिसळलेले असते. पोरीबाळींच्या हातांवर त्या नक्षीच्या आकाराचे फोड उठतात, आणि पुढे कधी त्यांनी केस रंगवले तर ॲलर्जी तयारच असते.

कलप लावून घेणाऱ्यापेक्षा लावणाऱ्याचा धोका मोठा, हेही फार कमी बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केस कापणे-रंगवणे हा व्यवसाय ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवला आहे. स्वतःसाठी कलप वापरण्याबद्दल मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे तिचे म्हणणे आहे. ग्राहक महिन्यातून एकदा येतो. पार्लरवाली, सलूनवाला रोज त्या भांड्यात ब्रश बुडवतात, आणि हातमोजे गर्दीच्या वेळी बाजूला पडतात.

केस सरळ करण्याच्या बाबतीत हे आणखी ठळक होते. ‘केराटिन’, ‘स्मूदनिंग’ अशा नावांनी आज तालुक्याच्या गावातही हजारो रुपये घेऊन हे केले जाते. केसांना द्रव लावायचा आणि तापलेल्या इस्त्रीने तो केसांत बसवायचा. अनेक द्रवांत काम करणारा घटक फॉर्मल्डिहाइड असतो, मृतदेह टिकवायला वापरतात तोच. तापवला की त्याचा वायू होतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. तो माणसात कर्करोग घडवतो हे प्रस्थापित आहे. २०१० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलँडच्या एका सलूनमधून तक्रार आली. तिथल्या कामगार सुरक्षा विभागाने ५४ सलूनमधून १०५ नमुने गोळा केले. ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ या, फॉर्मल्डिहाइडमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवात सरासरी आठ टक्क्यांहून अधिक फॉर्मल्डिहाइड निघाले. फॉर्मल्डिहाइड पाण्यात मिसळले की रासायनिकदृष्ट्या मिथिलीन ग्लायकॉल बनते, आणि उत्पादकांना लेबलावर ते नाव पुढे करता येते. इस्त्री फिरली की वायू पुन्हा तोच. ग्राहकांच्या आरोग्याचे काम पाहणाऱ्या संस्थेआधी कामगारांच्या सुरक्षेचा विभाग तिथे पोचला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. तक्रार केली ती दिवसभर तो वायू हुंगणाऱ्या माणसांनी.

ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ अकरा वर्षे पाठपुरावा केला होता. केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरलेल्या स्त्रीला सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के होती, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रीला ४.०५ टक्के. हा फक्त संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, आणि आकडा अजूनही लहान आहे. पण ही रसायने वापरणाऱ्यांत सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. शाळेत, कचेरीत, मुलाखतीत आपले कुरळे केस ‘नीटनेटके’ मानले जात नाहीत, म्हणून लहानपणापासून त्यांना हे करावे लागते. आपल्याकडे ‘गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष’ अशा जाहिराती वाचत वाढलेल्या मुलीला हा दबाव समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा द्रवांतून फॉर्मल्डिहाइड हद्दपार करण्याचा नियम प्रस्तावित करू, असे २०२३मध्ये जाहीर केले. एप्रिल २०२४ ही तारीख होती. ती उलटली, पुढच्या तारखाही उलटल्या.

मधल्या काळात उत्पादकांनी वाट बदलली. फॉर्मल्डिहाइड बदनाम झाले म्हणून अनेकांनी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरायला घेतले. मार्च २०२४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या तरुणीची हकिगत लिहिली. २०२०, २०२१ आणि २०२२ या तिन्ही वर्षी केस सरळ करून घेतल्यानंतर दर वेळी तिच्या किडन्यांचे काम एकाएकी मंदावले. केसांना लावलेल्या क्रीममध्ये दहा टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. डॉक्टरांनी ते उंदरांच्या पाठीवर लावून पाहिले, तेव्हा किडनीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले, मुतखड्यात सापडतात तेच. इस्रायलमध्ये त्याआधीच केस सरळ केल्यानंतर किडनी बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद झाली होती. एका रसायनावर बंदी आली की त्याचा भाऊबंद बाजारात येतो. प्रत्येक नव्या भाऊबंदाची परीक्षा बायकांच्या शरीरावरच व्हायची, हे थांबवायचे तर यादीतली नावे वाढवून भागणार नाही. माल बाजारात आणण्याआधी तो सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी लागेल, आणि त्याने काय दाखवले ते सरकारने वाचावे लागेल.

आपल्या देवघराशी आणि कपाळाशी जोडलेल्या गोष्टीही यातून सुटलेल्या नाहीत. टिकलीच्या गोंदातले पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल त्वचेचा रंग घालवते, हे अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० सालीच लिहून ठेवले. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढा पांढरा डाग असलेली बाई आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे, आणि कोड समजून तिला नातेवाइकांनी कसे वागवले तेही. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांतले ९५ आणि मुंबई-दिल्लीतले २३ असे सिंदुराचे ११८ नमुने तपासले. भारतातल्या नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत शिसे अमेरिकेतल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होते. हळद आणि चुना घालून घरी केलेले कुंकू मागे पडले, पण बाजारचे लाल काय आहे हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही. शिशाची सुरक्षित पातळी अशी नसते, आणि कुंकू लावलेले बोट लेकराच्या तोंडाजवळ जातेच.

मग करायचे काय? मला बंदीच्या घोषणांचा उबग आला आहे. मिनामाता कराराखाली २०२३ साली जिनिव्हात ठरले की पारा घातलेली सगळीच सौंदर्यप्रसाधने, अगदी डोळ्यांचीही, २०२५ नंतर बनवायची आणि आणायची नाहीत. भारत या करारात आहे. चांगलेच झाले. पण अकोल्याच्या डबीने आधीच्या मर्यादेची पर्वा कुठे केली होती?

माझ्या मते सुरुवात किडनीच्या बाह्यरुग्ण विभागापासून व्हायला हवी. सूज आणि फेस घेऊन आलेल्या प्रत्येकीला चेहऱ्याला आणि केसांना काय लावता हे एकान्तात विचारायचे, डबी आणायला सांगायचे आणि ती डबी थेट अन्न व औषध प्रशासनाच्या हाती जायची. डेंग्यूचा रुग्ण सापडला की महापालिकेला कळवतात आणि दुसऱ्या दिवशी घराभोवती धूर फवारतात. तेवढीच तत्परता इथे दाखवायला काय हरकत आहे? अमेरिकेने २०२२च्या कायद्याने उत्पादकांवर गंभीर दुष्परिणाम कामाच्या पंधरा दिवसांत कळवण्याचे बंधन घातले. आपल्या नियमांतही असे स्पष्ट बंधन हवे, आणि ते डॉक्टरांनाही लागू हवे. तपासणी महाग आहे, हे कारण पुरेसे नाही. क्ष-किरणांचा झोत टाकून डबी न उघडता पारा आणि शिसे दाखवणारी, हातात धरायची यंत्रे अनेक देशांत तपासणीला वापरली जातात. एका विभागीय कार्यालयाला एक यंत्र दिले, तरी निरीक्षकाला बाजारात फिरताना शंभर डब्यांतून दोन वेगळ्या काढता येतील आणि फक्त त्या दोन प्रयोगशाळेत पाठवता येतील.

आणि पार्लरवाली. या सगळ्या साखळीत तिला आपण एकतर गुन्हेगार ठरवतो किंवा विसरतो. भाड्याच्या गाळ्यात, दोन खुर्च्या आणि एक आरसा घेऊन, घर चालवणारी ही बाई आहे. एजंट तिच्याकडे येतो, बिनलेबलाच्या दहा डब्या ठेवतो, बिल देत नाही, एका डबीवर शंभर रुपये सुटतील म्हणतो. ती त्याला ओळखते, ग्राहक तिला ओळखतात. सरकार यांतल्या कुणालाच ओळखत नाही. राज्यातल्या आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम चालतो. त्यात फेशियल आणि हेअरकटइतकेच लेबल वाचणे शिकवावे. परवाना क्रमांक कुठे असतो, आयातदाराचा पत्ता कसा ओळखायचा, घटकांत कुठली नावे आली तर माल परत करायचा, स्मूदनिंग करताना खिडकी का उघडी हवी, हातमोजे का काढायचे नाहीत. पार्लरची साधी नोंदणी करावी, दंडासाठी नव्हे, निरीक्षकाला रस्ता सापडावा म्हणून. प्रत्येक मालाचे बिल ठेवणे तिला बंधनकारक करावे आणि बिल न देणाऱ्या एजंटाची तक्रार करणाऱ्या पार्लरवालीला संरक्षण द्यावे. तिच्या कपाटात लागलेली डबी ती विकते, स्वतः लावते आणि बहुधा मुलीलाही लावते. पुढच्या लग्नसराईच्या आधी औषध निरीक्षकांनी नमुने उचलायला निघताना क्रॉफर्ड मार्केटच्या घाऊक दुकानांबरोबर तालुक्यातल्या दहा-दहा पार्लरची कपाटेही यादीत घ्यावीत, आणि जे सापडेल ते त्याच आठवड्यात मराठीत जाहीर करावे.